लाकडी घोडा कोणाचा? ‘ब्लेड रनर २०४९’मधल्या एका निर्णयाचा अभ्यास

प्रकरण थोडक्यात असं आहे. एका पोलिसाकडे लहानपणीची एक आठवण आहे. ती बनावट आहे, कारखान्यात त्याच्या डोक्यात भरलेली आहे, हे त्याला पहिल्यापासून माहीत आहे. पुढे ती खरी असल्याचा पुरावा मिळतो आणि त्याचं सगळं आयुष्य बदलतं. त्यानंतर कळतं की आठवण खरी आहे, पण त्याची नाही. तोवर नोकरी गेलेली, जोडीदार गेलेली, अंगावर जखमा. अशा वेळी तो एक निर्णय घेतो, आणि या लेखाचा विषय तेवढाच एक निर्णय आहे.

माणूस कशामुळे माणूस ठरतो, हा प्रश्न विज्ञानपटांना नवा नाही. बरेचसे विज्ञानपट त्याचं उत्तर एखाद्या पात्राच्या तोंडी घालून मोकळे होतात. डेनी व्हिलनव्ह दिग्दर्शित ‘ब्लेड रनर २०४९’मध्येही अशी उत्तरं देणारी पात्रं आहेत. माझं म्हणणं असं की चित्रपट त्यांतलं एकही उत्तर मान्य करत नाही. त्याचं स्वतःचं उत्तर नायकाच्या कृतीत आहे आणि ते नीट दिसायला घटना क्रमाने मांडून तपासाव्या लागतात. शेवटासकट सगळी कथा इथे उघड होणार आहे.

पार्श्वभूमी, लागते तेवढीच

रिडली स्कॉटचा मूळ ‘ब्लेड रनर’ १९८२ सालचा. फिलिप के. डिकच्या १९६८ च्या कादंबरीवर तो बेतलेला होता आणि त्यातलं लॉस एंजेलिस २०१९ सालचं होतं. रेप्लिकंट म्हणजे कारखान्यात घडवलेले कामगार. हाडामांसाचे, दिसायला थेट माणसासारखे, पृथ्वीबाहेरच्या वसाहतींत राबण्यासाठी बनवलेले. ते पळून पृथ्वीवर आले तर त्यांना हुडकून ठार करण्याचं काम ब्लेड रनर म्हणवणाऱ्या पोलिसांचं. समोरचा रेप्लिकंट आहे की माणूस, हे ठरवायला त्यांच्याकडे वोइट-काम्फ चाचणी होती. प्रश्न विचारायचे, त्यातले बरेचसे प्राण्यांच्या हालांविषयीचे, आणि डोळ्याच्या बाहुलीवर लक्ष ठेवायचं. समोरच्याच्या मनात कणव उठली तर तो माणूस.

सिक्वेल २०१७ साली, पस्तीस वर्षांनी आला. नायक के (रायन गॉस्लिंग) ब्लेड रनर आहे आणि स्वतःच रेप्लिकंट आहे. नव्या बनावटीचा, हुकूम मोडूच शकणार नाही अशी ग्वाही देऊन विकलेला. त्याचीही ‘बेसलाइन’ नावाची चाचणी होते, पण ती बरोबर उलटी आहे. प्रत्येक कामगिरीनंतर त्याला एका पांढऱ्या, अरुंद खोलीत बसवतात. भिंतीतलं यंत्र त्याच्यावर नजर ठेवतं आणि एक आवाज भराभर प्रश्न फेकत राहतो. प्रिय व्यक्तीचा हात हातात घेतल्यावर कसं वाटतं, असाही एक प्रश्न त्यात असतो. केने त्यावर काही वाटून घ्यायचं नसतं, फक्त ठरलेला शब्द ठरलेल्या सुरात परत म्हणायचा असतो. हे शब्द नाबोकोव्हच्या १९६२ च्या कादंबरीतल्या एका कवितेतून घेतलेले आहेत. आवाज जरा हलला, उत्तराला किंचित उशीर झाला, की चाचणीत नापास.

या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की सिक्वेल कुठे उभा आहे ते कळतं. पहिल्या चित्रपटात भावना नसणं हा गुन्ह्याचा पुरावा होता. इथे भावना असणं हाच पुरावा आहे. पस्तीस वर्षांत प्रश्नाची बाजूच बदलली. यंत्राला भावना आहेत का, हे विचारायची गरज आता कोणालाच वाटत नाही. त्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर दर कामगिरीनंतर तपासणी करावी लागते.

आठवणीत नेमकं काय आहे

केच्या आठवणीतला मुलगा एका अनाथालयात आहे. त्याच्याकडे लाकडात कोरलेला छोटा घोडा आहे. इतर मुलं तो हिसकावून घ्यायला मागे लागली आहेत. मुलगा पळत पळत भट्ट्यांच्या अंधाऱ्या दालनात शिरतो आणि घोडा एका थंड भट्टीच्या राखेत लपवतो. मुलं त्याला गाठतात, मारतात, घोडा कुठे आहे विचारतात. तो सांगत नाही.

ही आठवण आपण पहिल्यांदा ऐकतो ती केच्या वरिष्ठ, लेफ्टनंट जोशी, घरी येऊन त्याला लहानपणीचं काहीतरी सांगायला लावतात तेव्हा. के थोडा अवघडतो. आपलं लहानपण कधी नव्हतंच, मग त्याबद्दल बोलणं विचित्र वाटतं, असं तो म्हणतो आणि तरी सांगतो. अख्ख्या चित्रपटात त्याचा चेहरा इथे पहिल्यांदा मोकळा दिसतो.

वाचकाने एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवावी. या आठवणीचा गाभा मार खाणं हा नाही. आपल्यावर सोपवलेली वस्तू कितीही मारलं तरी कोणाच्या हाती लागू न देणं, हा आहे.

पुराव्याची साखळी

तपास सुरू होतो तो सॅपर मॉर्टन नावाच्या जुन्या रेप्लिकंटच्या शेतावर. के त्याला ठार करतो आणि तिथल्या वाळलेल्या झाडाखाली पुरलेली पेटी सापडते. पेटीत एका बाईची हाडं. बाळंतपणात, पोट चिरून मूल काढताना ती गेली. हाडावर अनुक्रमांक कोरलेला आहे, म्हणजे बाई रेप्लिकंट होती. ती पहिल्या चित्रपटातली रेचल, आणि मुलाचा बाप त्याच चित्रपटाचा नायक रिक डेकार्ड (हॅरिसन फोर्ड). रेप्लिकंटला मूल झालं, यावर त्या जगात कोणाचा विश्वास बसणार नाही. जोशींचा हुकूम स्पष्ट असतो: सगळ्या खुणा पुसायच्या, मूल सापडलं तर तेही संपवायचं.

के परत शेतावर जातो तेव्हा झाडाच्या बुंध्यावर कोरलेले आकडे दिसतात: ६-१०-२१. हेच आकडे त्याच्या आठवणीतल्या घोड्याच्या पायांखाली कोरलेले आहेत. जन्मनोंदी चाळताना दोन मुलांच्या नोंदी सापडतात, एक मुलगा, एक मुलगी, आणि दोघांचा डीएनए तंतोतंत सारखा. असं घडणं शक्य नाही, म्हणजे एक नोंद बनावट. मुलगी आजाराने गेल्याचं लिहिलेलं आहे, मुलगा अनाथालयातून नाहीसा. के त्या अनाथालयात जातो. तिथली वही काढून पाहतो तर नेमकी हवी ती पानं फाडलेली. पण भट्ट्यांचं दालन तो पाहताक्षणी ओळखतो. राखेत हात घालतो आणि घोडा हातात येतो.

तपासी अधिकारी म्हणून केचं काम चोख आहे. एक नोंद खोटी आहे, हे त्याने बरोबर ओळखलं. कोणती खोटी, हे मात्र मनाने परस्पर ठरवलं. मुलगी मेली असं लिहिलं होतं आणि आठवण त्याच्या डोक्यात होती, तेव्हा हरवलेला मुलगा आपणच, हा निष्कर्ष त्याला काढावासाही वाटला नसेल, तो आपोआप आला असेल. शिवाय घरी जोई होतीच.

जोई ही कंपनीने विकलेली, प्रकाशातून साकारणारी जोडीदार. तू इतरांसारखा नाहीस, तू जन्मलेला आहेस, असं ती त्याला सांगते आणि ‘जो’ असं माणसाचं नाव देते. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलिझा’ हा गप्पा मारणारा साधा प्रोग्राम केला होता. समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्नरूपात परत द्यायची, इतकंच त्याला येत होतं, तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करू लागले आणि ते पाहून वायझेनबॉम स्वतः अस्वस्थ झाले. जोई एलिझापेक्षा कितीतरी पुढची आहे, पण एक गोष्ट दोघींत समान आहे: ऐकणाऱ्याला जे ऐकावंसं वाटतं तेच तिच्याकडून ऐकू येतं. केला त्या घडीला काय ऐकायचं होतं, हे सांगायला नको.

काचेमागची बाई

आठवण खरी की बनावट, हे ओळखू शकणारी एकच व्यक्ती आहे: डॉ. आना स्टेलिन. रेप्लिकंटांसाठी आठवणी रचणं हे तिचं काम. प्रतिकारशक्ती नसल्यामुळे आठ वर्षांची असल्यापासून ती एका निर्जंतुक, काचेच्या घुमटात एकटी राहते. के पोहोचतो तेव्हा ती हवेत वाढदिवसाचा प्रसंग घडवत असते, केक आणि मेणबत्त्या. यंत्र फिरवत मुलांचे चेहरे बदलून पाहत असते. रेप्लिकंटांचं जगणं फार खडतर असतं, निदान आठवायला काहीतरी चांगलं असावं, असं ती सांगते. खऱ्या माणसाची खरी आठवण वापरणं कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगते.

मग के काचेपलीकडे बसून ती आठवण मनात आणतो आणि ती तिच्या यंत्रातून पाहते. पाहता पाहता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. हे कोणीतरी जगलेलं आहे, ती म्हणते. हे घडलेलं आहे.

प्रकरणाची सगळी मेख या दोन छोट्या वाक्यांत आहे. के विचारायला आला होता, आठवण खरी आहे का. तिने त्याच प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. आठवण कोणाची आहे, हे त्याने विचारलंच नाही आणि तिने आपणहून सांगितलं नाही. तिचं रडणं त्याच्यासाठी चाललंय, असं त्याला वाटलं. प्रेक्षकालाही तसंच वाटतं. ती रडत होती ती स्वतःच्या लहानपणासाठी, हे दुसऱ्यांदा पाहताना कळतं आणि मग हे दृश्य सोसवत नाही. इतका वेळ एकही सूर न बदललेला के खुर्ची लाथाडून ओरडतो, तो क्षण त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या गैरसमजाचा आहे आणि तरी त्यातली वेदना शंभर टक्के खरी आहे.

ती वेदना लगेच मोजली जाते. के बेसलाइन चाचणीत नापास होतो. जोशींसमोर उभा राहून तो अहवाल देतो: मूल सापडलं, साध्या रेप्लिकंटसारखं त्याला वाढवलं होतं, नोकरीला लावलं होतं, आपण कोण आहोत हे त्यालाही माहीत नव्हतं, काम उरकलं. तो स्वतःचं वर्णन करतोय आणि स्वतःच्या मृत्यूची खोटी नोंद करतोय. हुकूम मोडू न शकणाऱ्या यंत्राने वरिष्ठांशी बोललेलं हे खोटं. जोशी त्याला सुटका करून घ्यायला ४८ तास देतात.

मधला भाग

मधल्या भागावर फार थांबण्याचं कारण नाही. घोड्याच्या लाकडातल्या किरणोत्सारामुळे के ओसाड लास व्हेगासला पोहोचतो आणि त्याला डेकार्ड सापडतो. डेकार्डजवळ एक कुत्रा आहे. खरा आहे का, असं के विचारतो. डेकार्ड म्हणतो, त्यालाच विचार. डेकार्ड स्वतः माणूस की रेप्लिकंट, यावर चाहते पस्तीस वर्षं भांडत होते, आणि सिक्वेलने त्या वादाला इतकंच उत्तर दिलं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

मग वॉलेस कंपनीची लव्ह नावाची हस्तक येते. वॉलेस हा रेप्लिकंट बनवणारा उद्योगपती. त्याला ते मूल हवं आहे, कारण रेप्लिकंट आपोआप जन्मू लागले तर परग्रह पादाक्रांत करायला लागणारे कोट्यवधी राबते हात फुकटात मिळतील. लव्ह डेकार्डला पकडून नेते आणि जोई ज्या छोट्या यंत्रात होती ते टाचेखाली चिरडते. जोईचे शेवटचे शब्द प्रेमाचे असतात.

सगळं गळून पडतं

जखमी केला उचलून नेतात ते रेप्लिकंटांचे बंडखोर. त्यांची नेता फ्रेसा सांगते की रेचलचं मूल मुलगी होती. केच्या चेहऱ्याकडे पाहून तिला उमगतं की हा स्वतःलाच ते मूल समजत होता. असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, वाटावंसं वाटतं, असं काहीसं ती म्हणते. तिच्या आवाजात दया आहे आणि ती दया केला फार लागते.

नंतर तो एकटा पुलावर चालत असताना जोईची अवाढव्य जाहिरात त्याच्यासमोर वाकते आणि त्याला ‘जो’ म्हणते. म्हणजे ते नाव सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच होतं. जोईचं त्याच्यावर प्रेम होतं की तो निव्वळ प्रोग्राम होता, याचा निकाल चित्रपट देत नाही, आणि माझ्या मते द्यायलाही नको होता. अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की निर्णयाच्या क्षणापर्यंत केला खास ठरवणाऱ्या सगळ्या गोष्टी काढून घेतलेल्या आहेत. जन्म त्याचा नाही, बाप त्याचा नाही, आठवण त्याची नाही, प्रेमाने दिलेलं नावसुद्धा त्याचं नाही. इथून पुढे तो जे करेल त्याचा मोबदला कोणी देणार नाही आणि त्याने ते कोणासाठी केलं, हे कोणी लिहून ठेवणार नाही. माणूसपणाची कसोटी इतकी निर्भेळ करून मांडणारा दुसरा विज्ञानपट मला आठवत नाही.

तीन हुकूम आणि एक समजूत

त्या क्षणी केपुढे कोणते मार्ग आहेत? जोशींचा हुकूम होता, मुलाला संपव. जोशींना मधल्या काळात लव्हने ठार केलं आहे, पण तो हुकूम कोणी मागे घेतलेला नाही. वॉलेसला मूल जिवंत हवं आहे आणि डेकार्डला छळून त्याच्याकडून माग काढायचा आहे. फ्रेसा केला सांगते, डेकार्डने तोंड उघडण्याआधी त्याला मार. योग्य ध्येयासाठी मरण पत्करणं ही आपल्या हातून घडू शकणारी सर्वांत मानवी गोष्ट आहे, असं ती म्हणते.

हे वाक्य चित्रपटाचा संदेश म्हणून जिथे तिथे उद्धृत होतं. मला ते वाचन पटत नाही. फ्रेसाचं ध्येय न्याय्य आहे, यात शंका नाही. पण ते वाक्य ती उच्चारते तेव्हा तिला एका माणसाला मारण्यासाठी एक हत्यार हवं असतं, आणि ते हत्यार के आहे. पोलीस खात्यानेही त्याला याच कामासाठी ठेवलं होतं. मालक बदलला, काम तेच.

आणखी एक गोष्ट तिघांत समान आहे. जोशींना भीती वाटते की रेप्लिकंट जन्मू शकतात हे कळलं तर माणूस आणि रेप्लिकंट यांच्यातली भिंत कोसळेल. वॉलेसला त्याच जन्मातून नफा दिसतो. फ्रेसाला त्याच जन्मातून मुक्तीचा पुरावा मिळतो: आम्ही जन्म देऊ शकतो, म्हणजे आम्ही कोणाचे गुलाम नाही. तिघांचे हेतू एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, पण तिघांनाही मान्य आहे की माणूसपण जन्मात आहे. केसुद्धा सुरुवातीला हेच मानतो. जन्मलेल्याला आत्मा असतो, असं तो जोशींना म्हणून दाखवतो, आणि त्या उत्तर देतात की आत्म्यावाचून तुझं काही अडलेलं नाही.

के या चौघांच्याही समजुतीबाहेर पाऊल टाकतो. तो लव्हशी समुद्राच्या भिंतीपाशी झुंजतो, तिला मारतो, डेकार्डला बुडत्या वाहनातून ओढून काढतो. मारत मात्र नाही. तू तिथे बुडून मेलास, तो डेकार्डला सांगतो, आता मुलीला भेटायला मोकळा आहेस. मग त्याला आना स्टेलिनच्या, म्हणजे त्याच मुलीच्या, दारात आणतो आणि घोडा हातात ठेवतो. माझी चांगली आठवण तिची आहे, अशा अर्थाचं काही बोलतो. मी तुझा कोण लागतो, असं डेकार्ड विचारतो. के उत्तर देत नाही.

कोणत्याही हुकमात हे काम नव्हतं. क्रांतीला त्याचा उपयोग नाही, कंपनीला नाही, खात्याला तर नाहीच. बापाची आणि मुलीची भेट व्हावी, इतकंच ते काम आहे.

आठवण कोणाची, याचा निकाल

सतराव्या शतकात तत्त्वज्ञ जॉन लॉकने मांडलं की माझी जाणीव भूतकाळात जिथवर मागे जाते, तिथवर मी ‘मी’ असतो. हे म्हणणं केला लावून पाहा. त्याची जाणीव थेट भट्टीच्या राखेपर्यंत जाते, म्हणजे लॉकच्या हिशोबाने तो आनाच ठरावा, आणि हे उघडच खरं नाही. १९७० मध्ये सिडनी शूमेकर या तत्त्वज्ञाने या अडचणीसाठी ‘क्वासी-मेमरी’ ही कल्पना सुचवली: अनुभव आतून, अगदी स्वतःचा असल्यासारखा आठवतो, पण तो घेणारा मीच होतो असं त्यात गृहीत नसतं. केकडे जे आहे ते नेमकं हेच.

असं काही फक्त पडद्यावरच घडतं, असं नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या बालपणीचे काही प्रसंग वाचायला दिले. त्यात मॉलमध्ये हरवल्याचा एक प्रसंग घडलेलाच नव्हता. सुमारे पाव लोकांना तो पूर्ण किंवा अंशतः ‘आठवला’. २०१३ मध्ये एमआयटीत सुसुमू टोनेगावा यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतल्या ठरावीक पेशी प्रकाशाने चेतवून, जिथे त्याला कधीच इजा झाली नव्हती अशा पिंजऱ्याची भीती त्याच्यात निर्माण केली. उंदीर तिथे गोठून उभा राहायचा. त्याच्या दृष्टीने ती भीती खरीच होती.

शिवाय आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतलं आपल्याला सहसा काहीच आठवत नाही. तरी त्या काळातले प्रसंग आपण सांगतो, कारण ते घरच्यांकडून इतक्यांदा ऐकलेले असतात की चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. म्हणजे कोणाच्याही ‘मी’मध्ये दुसऱ्यांनी दिलेला बराच ऐवज असतो. तो काढून टाकला तर फारसं काही उरणार नाही, आणि त्यामुळे कोणी खोटा ठरत नाही.

आता आठवणीच्या गाभ्याकडे परत येऊ. आनाच्या आयुष्यात तो प्रसंग घडला तेव्हा तिने वडिलांनी कोरलेली एकमेव वस्तू लपवली, मार खाल्ला आणि ती कुठे आहे ते सांगितलं नाही. केच्या आयुष्यात शेवटी काय घडतं? तो त्या मुलीच्या वडिलांनाच लपवतो. खातं, कंपनी आणि बंडखोर अशा तिघांपासून. मार खातो आणि सांगत नाही. मालकीच्या नावावर ही आठवण त्याची कधीच नव्हती, पण तिने त्याला जे शिकवलं ते त्याने तंतोतंत करून दाखवलं. मला वाटतं, चित्रपटाचा सर्वांत खोल विचार इथे आहे. आना कायदा मोडून आपली खरी आठवण रेप्लिकंटांना देते, कारण त्यांचं जगणं सुसह्य व्हावं. त्या दयेतून एक माणूस घडतो आणि तोच तिच्या वडिलांना तिच्याकडे घेऊन येतो. याला संस्कार नाही तर काय म्हणायचं? आपल्यापैकी कोणी तरी धैर्य किंवा कणव शून्यातून काढली आहे का? ती कोणाकडून तरी आलेली असते. तिचं काय करायचं, तेवढंच आपल्या हाती असतं.

आक्षेप

पहिला आक्षेप हा की केची कणवसुद्धा प्रोग्रामच असू शकते. असू शकते. पण त्याचा प्रोग्राम करणाऱ्यांनी हुकूम पाळणारा नोकर बनवला होता आणि त्याने तीन हुकूम मोडले. एवढ्या फरकाचं श्रेय प्रोग्रामला द्यायचं असेल तर तोच न्याय आपल्या जनुकांना आणि वाढवणाऱ्यांनाही लावावा लागेल, आणि मग जबाबदार म्हणावं असं कोणीच शिल्लक राहणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो चित्रपटावर आहे. २ तास ४३ मिनिटांच्या कथेत चमत्कार आना आहे, आठवण तिची आहे, वडील तिचे आहेत, आणि तिच्या वाट्याला मोजकीच दृश्यं येतात. जोई जाहिरातीची बाहुली म्हणून संपते. रेचलची हुबेहूब प्रतिकृती डेकार्डपुढे आणली जाते. तिचे डोळे हिरवे होते, असं म्हणून डेकार्ड तिला नाकारतो आणि तिला तिथल्या तिथे गोळी घातली जाते. ‘तू नायक नाहीस’ असं चित्रपट केला सांगतो खरा, पण कॅमेरा त्याला सोडून खऱ्या नायिकेकडे जात नाही. रॉजर डीकिन्स यांना या छायाचित्रणासाठी चौदाव्या नामांकनानंतर पहिलं ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच होतं. तरीही हा कॅमेरा कोणाकडे पाहायचं टाळतो, हेही लिहून ठेवायला हवं.

तिसरा मुद्दा खुद्द निर्णयाचा. फ्रेसाची भीती निराधार नव्हती. डेकार्ड जिवंत असेपर्यंत आनापर्यंत पोहोचण्याचा एक धागा शिल्लक आहे. लव्ह मेली तरी वॉलेस जिवंत आहे, त्याची कंपनी शाबूत आहे, आणि बुडालेल्या वाहनात डेकार्डचा मृतदेह सापडला नाही तर कोणी ना कोणी विचारणारच. के हे सगळं ओळखून आहे; तीस वर्षं कशीबशी टिकलेली सुरक्षितता तो एका भेटीसाठी पणाला लावतो. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हक्क त्याला होता. आनाचा जीव त्याने तिला न विचारता पणाला लावला. आपण कोणाची मुलगी आहोत, हे तिला त्या दुपारपर्यंत माहीतही नव्हतं. केच्या बाजूने मी इतका वेळ बोललो, आणि त्याचा निर्णय मला अजूनही योग्य वाटतो, पण आनाला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.